एकादशीला चॉकलेट चालते काय?

गेल्या आषाढीपूर्वी आठ-दहा दिवसांची गोष्ट. आमच्या दिल्लीच्या सरकारी निवासस्थानात एक धर्मशास्त्रीय प्रश्न उपस्थित झाला, आणि घरातील एकमेव इतिहासाचा एम. ए. या नात्याने त्याचा निकाल लावण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली. झाले असे की, माझ्या मुलीने सुटीत घरी चॉकलेटे करण्याचा उद्योग आरंभिला होता. बिया काढलेला खजूर, बेदाणे आणि थोडे सुके जर्दाळू बारीक चिरून एकत्र मळावयाचे, त्यात भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस घालावयाचा, बोराएवढ्या गोळ्या वळून त्या फ्रिजमध्ये गार करावयाच्या, आणि मग वितळलेल्या काळ्या चॉकलेटात एकेक गोळी काट्यावर धरून बुचकळावयाची, अशी ती कृती. पहिल्या खेपेच्या गोळ्या दुसऱ्याच दिवशी पांढुरक्या पडल्या. दुसऱ्या खेपेच्या बऱ्या जमल्या. ताटली आत्यापुढे गेली.

आत्याचे वय ब्याऐंशी. मूळची मालवणची. तिने एक गोळी हातात घेऊन सोनाराने पाहावी तशी पाहिली आणि मला हाक मारली. "खजूर चालतो, बेदाणा चालतो, खोबरं तर चालतंच. वरचं हे काळं एकादशीला चालतं का, तेवढं सांग. एवढी पुस्तकं वाचलीस ना?" मी काही उत्तर देण्यापूर्वीच तिने दुसरा प्रश्न विचारला. "आणि हे काळं कोणाच्या हातचं?"

या दोन प्रश्नांनी मला पुढचे कित्येक दिवस कामाला लावले. त्यांतून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम शब्दाचाच घोळ निस्तरला पाहिजे. मराठी घरांत 'चॉकलेट' हा शब्द कोकोशी फारसा कधी बांधलेला नव्हता. आमच्या लहानपणी वाण्याच्या दुकानातील बरणीतून निघणारी कोणतीही कागदात गुंडाळलेली गोळी म्हणजे चॉकलेट. मालेगावजवळच्या रावळगाव येथे वालचंद हिराचंदांनी १९३३ साली ऊसमळा उभारला आणि १९४२ पासून तेथे गोळ्या होऊ लागल्या. त्या गोळ्यांनाही आम्ही चॉकलेटच म्हणत असू, जरी त्यांतील बहुतेकींचा कोकोच्या झाडाशी सुतराम संबंध नव्हता. पुण्याच्या साठे कंपनीची बिस्किटे नि चॉकलेटे वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असत. ज्यात खरोखरीच कोको होता त्या वडीला आम्ही तिच्या कारखानदाराच्या नावाने 'कॅडबरी' म्हणत होतो. ती कंपनी १९४८ साली मुंबईस आली. तेव्हा आत्याने 'काळं' असा मोघम शब्द वापरला, यात तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न. चॉकलेटाने उपास मोडतो काय? मला वाटले होते की हा प्रश्न जगात प्रथम आमच्याच घरी निघाला. वस्तुतः तो पावणेचारशे-चारशे वर्षांचा जुना आहे, आणि त्यावर मोठमोठ्या पंडितांनी लेखण्या झिजविल्या आहेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकला. तेथील लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून, पाण्यात घुसळून एक फेसाळ पेय करीत. ते पेय स्पेनमध्ये आले, साखर घालून गोड झाले, आणि कॅथलिक समाजात प्रश्न पडला की उपासाच्या दिवशी हे प्यावे की नाही. अन्न म्हणावे तर ते पितात. पेय म्हणावे तर त्याने पोट भरते. १६३६ साली माद्रिदला अंतोनिओ दे लेओन पिनेलो याने या एकाच प्रश्नावर संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. हा गृहस्थ धर्मोपदेशक नव्हे. अमेरिकेतील मुलखांचा कारभार पाहणाऱ्या शाही मंडळाचा तो अधिकारी होता आणि त्या मुलखांचे कायदे संकलित करण्याचे त्याचे काम होते. म्हणजे आमच्याच व्यवसायबंधूंपैकी एक! फायलींच्या ढिगातून वेळ काढून त्याने प्रश्नाच्या दोन्ही बाजू शिस्तीने मांडल्या, हे वाचून मला थोडा आधार वाटला.

पुढे १६६२ साली कार्डिनल ब्रांकाच्चो याने निर्वाळा दिला की, द्रव पदार्थाने उपास मोडत नाही. चॉकलेट हे पेय आहे. सबब ते चालते. जेझुइट मंडळी आधीपासून या मताची होती, डोमिनिकन पंथाचे पुष्कळसे साधू विरुद्ध होते. या वादात व्यापाराचा वास नव्हता असे नाही, कारण कोकोच्या व्यवहारात जेझुइटांचे हितसंबंध होते. परंतु तो भाग येथे सोडून देऊ. आमच्या दृष्टीने अडचण निराळी होती. कार्डिनलचा निर्णय पेयाला लागू होता. माझ्या मुलीच्या गोळ्या चांगल्या टणक होत्या. त्या न्यायाने त्या नापासच झाल्या असत्या.

मग मी आपल्या बाजूने विचार करून पाहिला, आणि तेव्हा एक मौजेची गोष्ट ध्यानात आली. आपल्या उपासाच्या ताटाकडे इतिहासाच्या नजरेने पाहा. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. रताळे अमेरिकेतले. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. हिरवी मिरची तिकडचीच. राजगिऱ्याच्या ज्या जाती आपण पिकवितो त्यांचे मूळ अमेरिकेत आहे. साबुदाणा पूर्वी आग्नेय आशियातील एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून होत असे; परंतु आज आपण भिजवितो तो साबुदाणा टॅपिओका कंदाच्या पिठाचा, आणि तो कंद ब्राझीलकडचा. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले आणि १९४० च्या दशकात सेलमला त्याचा साबुदाणा होऊ लागला. याचा अर्थ असा की, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि दाण्याची आमटी हे आपले परमपवित्र भोजन कोलंबसापूर्वी एकाही वारकऱ्याने चाखलेले असणे शक्य नाही. ज्ञानेश्वरांच्या काळचा उपास कसा असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

अर्थात यामुळे प्रश्न सुटला नाही. तो अधिक अवघड झाला. कोको हा बटाट्याचा नि शेंगदाण्याचा शेजारी. मग ते सारे आपल्या स्वयंपाकघरात, इतकेच नव्हे तर देवघरापर्यंत येऊन पोहोचले, आणि कोको मात्र का आला नाही? पोर्तुगीजांनी काजू आणला, अननस आणला, पेरू नि पपई आणली. कोकोशीच त्यांचे काय वाकडे होते?

याचे उत्तर बरेचसे त्या झाडाच्या स्वभावात आहे. कोकोचे झाड हे मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे, उष्ण आणि दमट हवेचे. त्याची फळे फांद्यांच्या टोकांना न लागता फणसासारखी थेट खोडाला लागतात. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात त्याचे मूळ स्थान आहे. आज ज्याला इक्वेडोर म्हणतात त्या देशात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी लोक कोको वापरीत होते, असा पुरावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. फळ फोडले की आत पांढऱ्या, आंबटगोड गराने वेढलेल्या वीस ते चाळीस बिया असतात. पण या बियांना काजूसारखी वा शेंगदाण्यासारखी सुप्तावस्था नाही. वाळविल्या की त्या मेल्या. फळाबाहेर काढल्या की थोड्याच दिवसांत उगवणशक्ती गेली. काजूचे बी गोणीत भरून, सहा महिन्यांचा प्रवास करून गोव्यास उतरावे आणि रुजावे; कोकोचे बी त्या प्रवासात टिकत नाही. शिवाय पहिल्या शतकभरात कोकोचा सारा पसारा स्पेनच्या मुलखात होता. त्यामुळे तो पूर्वेकडे निघाला तोही पॅसिफिकमार्गे, मेक्सिकोतून फिलिपाइन्सला, सतराव्या शतकात.

आणि या बियांची किंमत तरी कोणाला कळली होती? १५०२ साली कोलंबसाला आपल्या चौथ्या सफरीत होंडुरासजवळच्या ग्वानाहा बेटापाशी एक मोठी व्यापारी नाव भेटली. तीत बदामासारख्या काही बिया होत्या. त्यांतील थोड्या खाली सांडताच ते नावाडी डोळा गळून पडावा तशा लगबगीने वेचू लागले, असे कोलंबसाच्या मुलाने नोंदविले आहे. त्या बिया म्हणजे त्या देशातील चलन होते. १५४५ सालचे त्लाश्काला गावचे एक दरपत्रक उपलब्ध आहे. त्यात टर्कीच्या चांगल्या मादीची किंमत कोकोच्या १०० बिया, आणि एका मोठ्या टोमॅटोची एक बी अशी लिहिली आहे. कोलंबस मात्र ते बदाम समजून पुढे गेला.

कोको पूर्वेकडे येण्यास असा कांकू करीत असता नारळ मात्र पश्चिमेकडे निघून गेला होता. पोर्तुगीजांनी हिंदी महासागरातील नारळ सोळाव्या शतकात केप व्हर्द बेटांवर नेला आणि तेथून तो अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पसरला. आज ब्राझीलमध्ये खोबऱ्याची जी 'कोकाद' करतात तिचे नावाचे भावंड गोव्यातील नाताळच्या कुसवारात दोदोल नि नेवऱ्यांच्या शेजारी बसलेले दिसते. पोर्तुगीजांनी नारळाला 'कोको' म्हटले. मेक्सिकोतील शब्द 'काकाव' असा होता. इंग्रजांच्या तोंडी या दोहोंची इतकी सरमिसळ झाली की डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ च्या प्रसिद्ध कोशात दोन्ही झाडांची माहिती एकाच ठिकाणी कालविली गेली. 'कोको' हे आजचे इंग्रजी रूप त्याच गोंधळाचे अपत्य होय. खोबऱ्याच्या गोळीला कोकोचा लेप देणारी माझी मुलगी या चुकीला फार तर मूर्तरूप देत होती.

तरीही अशी गोळी दोनशे वर्षांपूर्वी कोणाला करता आली नसती, कारण बुचकळण्याजोगे चॉकलेटच नव्हते. कोकोच्या बीत निम्म्याहून थोडा अधिक भाग स्निग्धांशाचा असतो. पेयात तो तवंगासारखा वर येई. १८२८ साली हॉलंडमधील व्हान हाउटेन यांनी दाबयंत्राने हा स्निग्धांश पिळून काढण्याचे पेटंट घेतले. हेतू होता पेय हलके करण्याचा. पण पिळून काढलेल्या लोण्याचे करावयाचे काय, या प्रश्नातून खाण्याचे चॉकलेट जन्मास आले. ब्रिस्टलच्या फ्राय यांनी १८४७ साली वाटलेला कोको, साखर आणि हे जादा लोणी एकत्र करून साच्यात ओतले. १८७५ साली स्वित्झर्लंडमध्ये दानिएल पेटर याने त्यात दूध आणले. १८७९ साली बर्नच्या लिंट याने ते तासन्‌तास घोटण्याचे यंत्र केले. तेव्हा ते जिभेवर रेतीसारखे न लागता वितळू लागले. १९१२ साली ब्रसेल्सला नोयहाउस याने चॉकलेटाच्या कवचात मऊ सारण भरले. 'ट्रफल' हे नाव तर जमिनीखाली उगवणाऱ्या एका काळ्या, ओबडधोबड अळंबीवरून पडले. कोकोच्या पुडीत घोळलेली मऊ गोळी तशी दिसते. ती प्रथम कोणी केली याविषयी फ्रान्समध्ये कथा पुष्कळ आहेत. काटेकोर बोलावयाचे तर खऱ्या ट्रफलमध्ये साय आणि चॉकलेट यांचे मिश्रण असते. खजूर-खोबऱ्याची गोळी हा आपला लाडूच, फक्त कोट घातलेला. हे मी मुलीला सांगितले नाही.

खोबरे आणि चॉकलेट यांची गाठ पडली ती अमेरिकेत. तेथे नारळ नेणे कठीण, पण वाळविलेला कीस नेणे सोपे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिलोनमध्ये असा कीस करण्याचे कारखाने निघाले. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन बेकर या पिठाच्या गिरणीवाल्याला १८९५ च्या सुमारास क्यूबातील गिऱ्हाइकाने पैशांऐवजी जहाजभर नारळ पाठविले. बेकरने नाइलाजाने त्यांचा कीस करून विकला आणि लवकरच गिरणी सोडून तोच धंदा पत्करला. १९२० च्या सुमारास कनेटिकट राज्यात आर्मेनियन स्थलांतरितांच्या एका कारखान्याने खोबऱ्याच्या सारणावर काळ्या चॉकलेटाचा लेप दिलेली वडी काढली. १९५१ साली इंग्लंडात त्याच जातीची 'बाउंटी' आली.

येथवर सारे गोड आहे. आता आत्याचा दुसरा प्रश्न घेतो : कोणाच्या हातचं?

तिच्या मनात सोवळेओवळे होते, हे मला ठाऊक आहे. परंतु कोकोच्या इतिहासाला याहून अडचणीचा प्रश्न विचारता येणार नाही. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून कोको आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील साओ तोमे आणि प्रिंसिपे या आपल्या बेटांवर नेला. कायद्याने गुलामगिरी संपली होती. म्हणून अंगोलातून माणसे आणून त्यांच्याकडून करारनामे लिहून घेण्यात येत. करार संपला तरी परत जाण्याची वाट मात्र नसे. इंग्लंडातील कॅडबरी बंधू क्वेकर पंथाचे, दारूबंदीचे पुरस्कर्ते, कामगारांसाठी बागांचे गाव वसविणारे. त्यांच्या कारखान्यातील कोकोपैकी मोठा भाग याच बेटांवरून येत होता. १९०१ साली त्यांच्या कानावर ही गोष्ट आली. त्यांनी चौकशी आरंभिली. १९०५ साली स्वतःचा माणूस पाठविला. सरकारशी पत्रव्यवहार केला. मध्यंतरी नेव्हिन्सन नावाचा पत्रकार अंगोलाच्या अंतर्भागात जाऊन आला आणि १९०६ साली त्याने आपले पुस्तक प्रसिद्ध केले. कॅडबरींनी तेथील कोको घेणे थांबविले ते मार्च १९०९ मध्ये.

आठ वर्षे! मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे चौकशी, अहवाल, स्मरणपत्र आणि पुनर्विचार यांत आठ वर्षे कशी जातात हे मला कोणी समजावून सांगावयास नको. प्रत्येक टप्प्यावर पुढच्या टप्प्याची वाट पाहण्यास सबळ कारण असते, आणि ते कारण बहुधा खोटेही नसते. 'स्टँडर्ड' या वृत्तपत्राने त्यांच्यावर ढोंगीपणाचा आरोप केला. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९०९ च्या अखेरीस तो बर्मिंगहॅमला चालला. ज्यूरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला आणि नुकसानभरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा चौथा हिस्सा. याहून बोलका निकाल मी वाचलेला नाही.

त्यानंतर व्यापाऱ्यांची दृष्टी गोल्डकोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळली. तेथे तेत्ते क्वार्शी नावाच्या एका लोहाराने १८७९ साली फर्नांडो पो बेटावरून कोकोच्या शेंगा आणून स्वतःच्या जमिनीत लावल्या होत्या. लहान शेतकऱ्यांनी ते पीक उचलले आणि १९११ साली तो देश जगात पहिल्या क्रमांकावर गेला. आज आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकवितात. पण प्रश्न संपलेला नाही. मुलांकडून होणारी धोक्याची कामे बंद करण्याचे वचन मोठ्या कंपन्यांनी २००१ साली दिले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या दोन देशांतील कोकोच्या शेतांवर राबणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १५ लाख ६० हजार निघाली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोचा भाव टनास १२,००० डॉलरांपलीकडे गेला, तेव्हा त्यातील किती पैसा त्या झाडाखालच्या माणसापर्यंत पोहोचला असेल?

मुलीने आणलेल्या वडीवर कोकोचा देश लिहिलेला नव्हता. मी तिला दुसरी वडी आणून दिली, कर्नाटकातल्या कोकोची. ती आणण्यास एक कारण घडले होते. काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त मी मंगळूरकडे गेलो होतो आणि एका दुपारी पुत्तूरजवळची एक बाग पाहण्याचा योग आला. वर सुपारी आणि नारळ, त्यांच्या दाट सावलीत कोकोची ठेंगणी झाडे, खोडांना लटकलेली पिवळी नि तांबूस फळे. खाली पाचोळ्याचा एवढा जाड थर की पाऊल रुतावे. बागाइतदाराने फळ कोयत्याने फोडून गर चोखावयास दिला. चव थोडी सीताफळाची, थोडी लिंबाची. चॉकलेटाची मुळीच नाही. ती पुढे येते. गरासकट बिया पाच-सहा दिवस झाकून आंबवितात, त्या वेळी ढीग हाताला चटका बसण्याइतका तापतो नि व्हिनेगरसारखा वास सुटतो. मग उन्हात वाळवितात, आणि भाजल्यावर तो परिचित सुगंध येतो. उंदीर आणि खारी फार नासधूस करतात, ही त्याची मुख्य तक्रार होती.

हा कोको आपल्याकडे आला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात. १७९८ साली आजच्या तमिळनाडूतील कुट्राळम येथे त्याची लागवड झाली, पण ती प्रयोगापुरतीच राहिली. खरा आरंभ १९६५ साली केरळच्या वायनाडमधील चुंडेल येथे झाला. कासरगोडच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, साडेसात मीटर अंतरावर लावलेल्या नारळाची मुळे बहुतांशी बुंध्याभोवतीच्या दोन मीटरांत राहतात. मधली जमीन नि झिरपणारे ऊन वायाच जाते. कोकोला नेमकी तेवढीच जागा नि तेवढेच ऊन हवे. कोकणात भाट्ये येथील केंद्राने जायफळ, दालचिनी नि मिरीसाठी हीच युक्ती योजिली आणि तिला 'लाखी बाग' असे नाव पडले. दक्षिणेत शेतकऱ्यांनी कोको भराभर लावला. मग १९८० च्या सुमारास भाव कोसळला, खरेदीदार दिसेनासे झाले, आणि कित्येकांनी वैतागून झाडे तोडली. त्या वेळी १९७३ साली स्थापन झालेली सुपारी बागाइतदारांची सहकारी संस्था 'कॅम्पको' खरेदीस उतरली आणि १९८६ मध्ये तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. शेतकऱ्यांच्या मालकीचा चॉकलेट कारखाना ही जगात फारशी आढळणारी वस्तू नव्हे. आपल्या सहकारी साखर कारखान्यांचे कौतुक ऐकून ज्यांचे कान किटले असतील त्यांनी कधी तेथे जावे.

बागेत अशी एकमेकांना सांभाळून घेणारी ही दोन झाडे पातेल्यात मात्र भांडतात. मुलीच्या पहिल्या गोळ्या पांढऱ्या का पडल्या, याचा शोध घेताना हे कळले. कोकोचे लोणी सहा निरनिराळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते. त्यांतील पाचवे रूपच आपणास हवे असते : तकतकीत, मोडताना टक्‌ आवाज करणारे, ३४ अंशांच्या आसपास म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेहून किंचित खाली वितळणारे. ते मिळविण्यासाठी काळे चॉकलेट ४५ अंशांपर्यंत तापवावे लागते, ढवळीत २७-२८ पर्यंत उतरवावे लागते, आणि पुन्हा ३१-३२ वर आणावे लागते. नुसते वितळवून बुचकळले की स्फटिक आपल्या मर्जीने बसतात आणि वर पांढरट बुरशीसारखी झाक येते. खाण्यास अपाय काही नाही, दिसण्यास वाईट. पाण्याचा थेंब पडला तर सारे पातेले रवाळ होऊन बसते, तो निराळाच अपघात. त्यातच खोबऱ्याचे तेल. ते २५ अंशांना वितळते आणि कोकोच्या लोण्यात मिसळले की दोघांचेही गोठणे बिघडवते. सारणातील खोबरे तेल सोडू लागले की ते हळूहळू लेपात उतरते आणि लेप मऊ पडतो. बाजारात 'कंपाउंड' म्हणून मिळणारी स्वस्त लादी सहज जमते याचे कारण तीत कोकोचे लोणी जवळजवळ नसतेच. कोकोची पूड आणि पाम वा तत्सम वनस्पतींची गोठविलेली तेले असतात.

या परक्या तेलांवरून युरोपात तीस वर्षे भांडण चालले होते. इंग्लंडच्या चॉकलेटात थोडे अन्य तेल असे. फ्रान्स-बेल्जियमकर ते चॉकलेटच नव्हे म्हणत. अखेर २००० साली युरोपीय संघाने नियम केला की, कोकोच्या लोण्याखेरीज अन्य वनस्पतिजन्य स्निग्धांश पाच टक्क्यांपर्यंत चालेल, आणि तोही सहाच प्रकारचा. आपल्या देशाच्या नियमांतही मर्यादा पाच टक्क्यांचीच आहे. ती सहा नावांची यादी मी सरकारी कागद वाचण्याच्या सवयीने शेवटपर्यंत वाचली, आणि थबकलो. त्यात साल होता, आंब्याची कोय होती, आणि 'गार्सिनिया इंडिका' होते. म्हणजे आपले कोकम! खोबरेल तेलाला परवानगी आहे ती फक्त आइस्क्रीमवरच्या लेपासाठी. कोकमाला ती अट नाही. कोकमाच्या बियांचे तूप ३८ अंशांच्या पुढे वितळते, त्यामुळे उष्ण हवेत चॉकलेटाला ते घट्टपणा देते.

मी ही गोष्ट आत्याला सांगितली. ती हसू लागली. "म्हणजे मुठेल? अरे, ते आम्ही पायांच्या भेगांना लावायचो." कोकमाच्या बिया कुटून, उकळून, वर आलेले तूप मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे करीत, म्हणून ते मुठेल. थंडीत ओठांना, टाचांना, क्वचित जेवणातही. तिच्या आईच्या फळीवर त्याचा एक गोळा कायम असे.

मालवणहून शुद्ध केलेले मुठेल मागविले. मुलीने तिसऱ्या खेपेस चॉकलेट वितळविताना त्याचा लहानसा तुकडा, वजन करून, पाच टक्क्यांच्या आत बसेल एवढाच टाकला. आषाढीच्या आदल्या दिवशी दिल्लीत हवा कुंद होती आणि घामाच्या धारा लागल्या होत्या. गोळ्या ताटलीत बऱ्यापैकी उभ्या राहिल्या. लेओन पिनेलो, ब्रांकाच्चो, बटाटा नि साबुदाणा हे सारे मी आत्यापुढे मांडले. तिने शांतपणे ऐकून घेतले. साबुदाणा परमुलखातला असल्याचे तिला विशेष वाटलेले दिसले नाही. "तो आता आपला झाला," एवढेच ती म्हणाली. मग चार गोळ्या निवडून तिने एका डब्यात ठेवल्या, झाकण घट्ट लावले आणि मुलीला बजावले, "या माझ्या. द्वादशीला पारणं सोडल्यावर घेईन."